शतक ठोकलं, तरी बाकावरही जागा नाही?

गेल्या शनिवारची, म्हणजे ३ जानेवारीची संध्याकाळ. थेरगावच्या डांगे चौकात आम्ही पाच-सहा जण चहा घेत उभे होतो. न्यूझीलंडविरुद्धच्या वनडे मालिकेसाठी भारतीय संघ जाहीर झाला होता. एकानं मोबाइलवर यादी वाचायला सुरुवात केली. गिल, रोहित, विराट, राहुल, श्रेयस... पंधरा नावं संपली. ऋतुराज गायकवाड नव्हता.

‘परत एकदा बघ ना,’ कुणीतरी म्हणालं. त्यानं पुन्हा वाचली. पंधराच्या पंधरा.

मग जे व्हायचं तेच झालं. कुणी निवड समितीवर घसरलं, कुणी श्रेयस अय्यरवर. कुणी म्हणालं, आपला पोरगा साधा आहे, त्याच्या मागे कुणी नाही. दुसरा म्हणाला, आयपीएलमध्ये कॅप्टन आहे तो, मागे कुणी नाही कसं? चहाचे दोन राउंड झाले तरी वाद मिटेना. तुमच्याही कट्ट्यावर, हॉस्टेलच्या रूममध्ये किंवा चाकणच्या कंपनी-बसमध्ये हाच वाद गेले काही दिवस चालू असणार.

आणि का नसावा? ऋतुराज जुन्या सांगवीचा. थेरगावला वेंगसरकर अकादमीत तो लहानाचा मोठा झाला, त्या टपरीपासून ते मैदान जवळच आहे. पिंपरी-चिंचवडमधल्या कितीतरी मुलांनी त्याला नेटमध्ये घाम गाळताना पाहिलंय. त्यामुळे तो संघात नसला की इथे घरातल्या कुणाचं तरी प्रमोशन हुकल्यासारखं वाटतं.

पण त्या दिवशी घरी जाताना मला वाटत राहिलं, की आपण तासभर भांडलो, पण नेमकं कशावर? म्हणून हा लेख. रागाच्या थोडं पलीकडे जाऊन बघूया.

आधी काय घडलं ते बघा

२५ ऑक्टोबरला सिडनीच्या वनडेत झेल घेताना श्रेयस अय्यर पडला. प्लीहेला दुखापत, आतून रक्तस्राव, थेट हॉस्पिटल. पुढे नोव्हेंबरमध्ये कोलकात्याच्या कसोटीत शुभमन गिलची मान आखडली. दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या तीन वनडेंसाठी दोन जागा रिकाम्या झाल्या. गिलच्या जागी सलामीला यशस्वी जैस्वाल आला. श्रेयसच्या जागी, चौथ्या क्रमांकावर, ऋतुराज.

लक्षात घ्या, ऋतुराज सलामीचा फलंदाज. चौथा क्रमांक त्याचा नव्हेच. त्याआधीची त्याची वनडे होती डिसेंबर २०२३ मधली. जवळपास दोन वर्षांनी बोलावणं आलं, तेही दुसऱ्याच्या जागेवर आणि सवय नसलेल्या क्रमांकावर.

रांचीत ३० नोव्हेंबरला तो ८ धावा करून बाद झाला. ३ डिसेंबरला रायपूरमध्ये त्यानं ८३ चेंडूंत १०५ धावा केल्या. त्याचं वनडेतलं पहिलं शतक. विराट कोहलीसोबत १९५ धावांची भागीदारी. भारताच्या ३५८ धावा झाल्या आणि तरी आफ्रिकेनं तो सामना जिंकला, हे वेगळं दुःख. ६ डिसेंबरला विशाखापट्टणमला भारतानं नऊ गडी राखून सामना जिंकला, त्यामुळे ऋतुराजवर बॅटिंगची पाळीच आली नाही. त्या सामन्यात जैस्वालनं नाबाद ११६ धावा केल्या. त्याचंही वनडेतलं पहिलं शतक.

म्हणजे दोन जागा, दोन बदली खेळाडू आणि दोघांची शतकं. महिनाभरात गिल आणि श्रेयस परत आले. नव्या यादीत जैस्वाल राखीव म्हणून राहिला आणि ऋतुराज बाहेर गेला.

‘अन्याय’ म्हणण्याआधी

आता थोडं स्वतःच्या विरोधात बोलूया. वाद घालायचा तर समोरच्याची बाजू त्याच्याहून चांगली मांडता आली पाहिजे, असं आमचे एक सर सांगायचे.

श्रेयस अय्यर काही रिकामी खुर्ची बघून आत शिरलेला नाही. २०२३ च्या वर्ल्ड कपमध्ये त्यानं ५३० धावा केल्या, दोन शतकांसह. २०२५ ची चॅम्पियन्स ट्रॉफी भारतानं जिंकली, त्यात भारताकडून सर्वाधिक धावा त्याच्याच, २४३. आणि या सगळ्या चौथ्या क्रमांकाच्या आसपास. जो माणूस देशासाठी झेल घेताना जायबंदी झाला, तो बरा होऊन आल्यावर त्याची जागा त्याला परत मिळू नये का?

दुसरी गोष्ट. दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या या मालिकेआधी ऋतुराज सहा वनडे खेळला होता आणि त्यात त्याच्या एकूण धावा होत्या ११५. त्यातल्या ७१ एकाच डावातल्या, मोहालीतल्या. हे आकडे चांगले नाहीत, हे मान्य करू.

आणि तिसरी. ‘मराठी म्हणून डावललं’ हा मुद्दा तर कृपा करून सोडून द्या. निवड समितीचा अध्यक्ष अजित आगरकर आहे. श्रेयस मुंबईकडून खेळतो, जैस्वाल मुंबईकडून खेळतो, रोहित बोरिवलीचा. हा मुद्दा टपरीवरसुद्धा दोन मिनिटं टिकत नाही.

आता जरा मागे चला. डिसेंबर २०१६. अजिंक्य रहाणेच्या बोटाला दुखापत झाली आणि करुण नायर खेळला. चेन्नईत इंग्लंडविरुद्ध त्यानं नाबाद ३०३ धावा केल्या. कसोटीत त्रिशतक! भारताकडून त्याआधी हे फक्त वीरेंद्र सेहवागला जमलं होतं. पुढची कसोटी होती फेब्रुवारी २०१७ मध्ये हैदराबादला, बांगलादेशविरुद्ध. रहाणे फिट झाला होता. संघात कोण आला? रहाणे. त्रिशतकवीर बाहेर.

तेव्हा आपल्यापैकी किती जणांनी ‘नायरवर अन्याय झाला’ म्हणून चहा थंड होऊ दिला? आपण तर खूश होतो, आपला अजिंक्य परत आला म्हणून! संगमनेर तालुक्यातल्या गावचा मुलगा, कसोटी पदार्पणाआधी वर्षाहून जास्त काळ बाकावर बसलेला, त्याची जागा शाबूत राहिली याचा आनंदच होता. नियम तोच. २०१७ मध्ये तो आपल्या माणसाच्या बाजूनं लागला, २०२६ मध्ये विरुद्ध लागला. नियम चुकीचा असेल तर तो तेव्हाही चुकीचा होता.

माझं मत विचाराल तर हा नियम चुकीचा नाही. दुखापतीतून परतणाऱ्याची जागा राखली नाही, तर खेळाडू दुखापत लपवून खेळतील. मग झेल घ्यायला कुणी झेपावणारच नाही.

मग खटकतंय काय?

इथे मला माझ्या मामेभावाची गोष्ट सांगू द्या. दादा आयटीआय झालेला, चाकण एमआयडीसीतल्या एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर. दोन वर्षांपूर्वी लाइनवरचा एक परमनंट ऑपरेटर अपघातामुळे चार महिने सुट्टीवर गेला. त्याच्या मशीनवर दादाला उभं केलं. दादानं चार महिने ते मशीन सांभाळलं, नाइट शिफ्टही केल्या, रिजेक्शन वाढू दिलं नाही. सुपरवायझर पाठीवर थाप मारायचा. मग ऑपरेटर बरा होऊन आला. दुसऱ्या दिवशी दादाला सांगितलं, सध्या तुला ब्रेक. बस्स. एवढंच.

शनिवारच्या वादाबद्दल मी त्याला सांगितलं तेव्हा तो हसला. म्हणाला, ‘अगं, तो ऑपरेटर परत आला ते बरोबरच होतं. त्याची जागा होती ती. मला राग त्याचा नव्हता. चार महिने मी चांगलं काम केलं, त्याचं पुढे काय, हे मला कुणी सांगितलंच नाही. वाईट केलं असतं तरी ब्रेक आणि चांगलं केलं तरी ब्रेकच. मग चांगलं कशाला करायचं?’

ऋतुराजची आणि दादाची तुलना पैशांत करायची नाही, ते हास्यास्पद होईल. चेन्नई सुपर किंग्जनं ऋतुराजला १८ कोटींना राखलंय. दादाला अठरा हजारांची शाश्वती नाही. पण प्रश्नाची जात एकच आहे.

आपल्याकडे याला जुना शब्द आहे, ‘बदली कामगार’. मुंबईच्या गिरण्यांमध्ये रोज सकाळी दारात उभे राहायचे ते. कायम कामगार आला नाही तर आत, आला तर घरी. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात बदली कामगाराची व्याख्याच दिली होती आणि ले-ऑफच्या भरपाईपुरती का होईना, एक मर्यादा घातली होती. बदलीनं वर्षभर सलग काम केलं की त्याला ‘बदली’ धरायचं नाही. म्हणजे कायद्यालाही कळलं होतं, की बदलीला अनंतकाळ बदली ठेवता येत नाही. कुठेतरी रेघ ओढावी लागते.

भारतीय क्रिकेटमध्ये ही रेघ कुठे आहे? बदली खेळाडूनं किती धावा केल्या की तो निदान बाकावर बसायला लायक ठरतो? जैस्वालला एक उत्तर मिळालं, ऋतुराजला दुसरं. कारणं असतीलही. जैस्वाल डावखुरा आहे, कसोटी संघात पक्का आहे, सलामीला राखीव कुणीतरी हवाच. पण ही कारणं मी इथे बसून जुळवतेय. ती आपल्याला अंदाजानं जुळवावी लागतात, हीच तर अडचण आहे.

आणि एक बारीक गोष्ट या सगळ्यात हरवली. संघ जाहीर झाला तेव्हा श्रेयसला उपकर्णधार केलं होतं, पण त्याच्या नावापुढे ‘फिटनेसची मंजुरी मिळाली तर’ अशी अट होती. म्हणजे चौथ्या क्रमांकाचा माणूस खेळेल की नाही हे त्या दिवशी नक्की नव्हतं. अशा वेळी त्याच क्रमांकावर महिन्याभरापूर्वी शतक करणारा माणूस जवळ ठेवायचा की घरी पाठवायचा? श्रेयसला जागा मिळाली याबद्दल माझी तक्रार नाही. ऋतुराजला अकरात घ्या असंही मी म्हणत नाही. प्रश्न पंधराव्या खुर्चीचा आहे.

संधी मिळाली, पण कशी?

‘सहा सामन्यांत ११५ धावा’ हा आकडा मी वर मान्य केला. आता तोच आकडा उघडून बघू. ते सहा सामने ऑक्टोबर २०२२ ते डिसेंबर २०२३ या चौदा महिन्यांत पसरलेले आहेत, चार वेगवेगळ्या मालिकांमध्ये. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध लखनौला एक. मग थेट पुढच्या वर्षी वेस्ट इंडिजमध्ये एक. ऑस्ट्रेलियाविरुद्ध दोन. दक्षिण आफ्रिकेत दोन. कधी तिसऱ्या क्रमांकावर, कधी सलामीला.

तुम्ही इंटरकॉलेज खेळला असाल तर हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. सलग पाच मॅच खेळणारा पोरगा पहिल्या दोनमध्ये फ्लॉप गेला तरी तिसरीत सेट होतो. आणि ज्याला दर तीन महिन्यांनी एक मॅच मिळते, त्याच्यासाठी प्रत्येक मॅच ही एटीकेटीची परीक्षा असते. सहा पेपर दिले म्हणजे सहा संधी मिळाल्या, असं नसतं.

टी-ट्वेंटीतही तेच. २८ नोव्हेंबर २०२३ ला गुवाहाटीत त्यानं ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२३ केल्या. त्याच वर्षी हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये त्याच्या कॅप्टनशिपखाली भारतानं सुवर्णपदक मिळवलं होतं. जुलै २०२४ मध्ये झिम्बाब्वेत त्यानं एका सामन्यात नाबाद ७७ आणि पुढच्यात ४९ केल्या. त्यानंतरच्या श्रीलंका दौऱ्याच्या संघात तो नव्हता.

आणि देशांतर्गत क्रिकेट? तिथे तर या पोरानं दरवाजा ठोठावायचा सोडून बिजागऱ्याच उखडल्यात. २०२१-२२ च्या विजय हजारे स्पर्धेत पाच सामन्यांत चार शतकं. पुढच्या वर्षी उपांत्यपूर्व फेरीत उत्तर प्रदेशविरुद्ध नाबाद २२०, त्यात एका षटकात सात षटकार. एक नो-बॉल पडला म्हणून सात. मग उपांत्य फेरीत १६८ आणि फायनलमध्ये १०८. यंदाही ३१ डिसेंबरला, संघनिवडीच्या तीन दिवस आधी, उत्तराखंडविरुद्ध १२४. आणि संघात नाव नसल्याचं कळल्यावर, परवाच्या गुरुवारी, गोव्याविरुद्ध महाराष्ट्राचे पाच गडी झटपट गेलेले असताना नाबाद १३४.

आता यावर कुणी म्हणेल, डोमेस्टिकच्या धावा वेगळ्या आणि इंटरनॅशनलच्या वेगळ्या. बरोबर. पण मग निवडीसाठी डोमेस्टिक खेळाच, असं खेळाडूंना सांगितलं जातं ते कशासाठी? दरवाजा कुठला ते तरी ठरवा.

कारण सांगितलं की काय बदलतं

पुन्हा २०१७ कडे जाऊ, कारण त्या गोष्टीचा एक भाग मी मुद्दाम मागे ठेवला होता. हैदराबाद कसोटीच्या वेळी तेव्हाच्या कॅप्टननं, विराट कोहलीनं, पत्रकारांसमोर कारण दिलं होतं. सार असं, की एका सामन्यामुळे रहाणेची दोन वर्षांची मेहनत पुसली जात नाही. तुम्हाला पटो न पटो, पण निकष समोर होता. त्यावर वाद घालता येत होता.

नायरचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. त्रिशतकानंतर तो आणखी तीन कसोटी खेळला आणि बाहेर गेला. परत आला तो जून २०२५ मध्ये, लीड्सला. आठ वर्षांनी. म्हणजे रहाणेला परत का घेतलं याचं उत्तर मिळालं, पण नायरचं पुढे काय, याचं नाही. नेमकं दादाच्या प्रश्नासारखं.

काहींच्या बाबतीत तर परतीची वेळ येतच नाही. अमोल मुझुमदारनं प्रथम श्रेणीत अकरा हजारांहून जास्त धावा केल्या, पण ज्या पिढीत तेंडुलकर, द्रविड, गांगुली, लक्ष्मण होते त्याच पिढीत तो जन्माला आला. भारताकडून एकही सामना नाही. गेल्या २ नोव्हेंबरला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी वर्ल्ड कप जिंकला तेव्हा त्यांचा कोच तोच होता, आणि आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. पण सरळ सांगते, असल्या सुंदर शेवटावर भरवसा ठेवून कुणाला बाहेर ठेवणं बरोबर नाही. सगळ्यांच्या गोष्टीला असा शेवट मिळत नाही.

३१ जानेवारीला ऋतुराज २९ वर्षांचा होईल. पुढचा वनडे वर्ल्ड कप २०२७ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे आणि नामिबियात आहे. तेव्हा तो तिशीत असेल. मधल्या काळात वनडे तशाही कमी होतात. म्हणजे ‘थांब, तुझा नंबर येईल’ हे उत्तर त्याला फार काळ देता येणार नाही.

पुढच्या वेळी टपरीवर

तर तुम्हाला एवढंच सांगायचंय. उद्या, रविवारी, वडोदऱ्यात मालिका सुरू होतेय. श्रेयस खेळला आणि चालला तर कुणीतरी म्हणेल, ‘बघा, बरोबर होतं.’ नाही चालला तर कुणीतरी म्हणेल, ‘बघा, ऋतुराज हवा होता.’ दोन्ही चुकीचं आहे. एका डावावरून श्रेयसला काढा म्हणणं आणि एका शतकावरून ऋतुराजला अकरात घ्या म्हणणं, दोन्ही सारखंच. ‘ऋतुराज भारी की श्रेयस?’ हा प्रश्न चहाला बरा आहे, पण त्यानं काही सुटत नाही.

त्याऐवजी हे विचारा: बदली म्हणून आलेल्यानं काय केलं तर त्याची पुढची जागा नक्की होते? ते त्याला आधी सांगितलं होतं का? आणि सगळ्यांना तेच लागू होतं का?

हे प्रश्न क्रिकेटपुरते ठेवू नका. तुमच्या कॉलेजच्या टीमच्या निवडीत विचारा. फिरोदिया करंडकाच्या एकांकिकेत मुख्य भूमिका कुणाला मिळाली तिथे विचारा. पुढच्या वर्षी तुमच्यातले निम्मे जण हिंजवडी, तळवडे, चाकण, रांजणगावला ट्रेनी म्हणून लागतील. ऑफर लेटर हातात पडल्यावर पगाराच्या आकड्याखाली काय लिहिलंय ते वाचा. ट्रेनिंग संपल्यावर कायम करायचं की नाही हे कशावर ठरणार, हे जॉइन होण्याआधी, तोंडावर, विचारा. एचआरवाले जरा चमकतील. चमकू देत.

दादा सध्या भोसरीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये आहे. तिथे मालकानं पहिल्याच दिवशी सांगितलं, सहा महिने बघतो, रिजेक्शन एवढ्याच्या आत राहिलं तर कायम करतो. पगार चाकणपेक्षा कमी आहे. त्याला पाचवा महिना चालू आहे आणि रोजचं रिजेक्शन तो एका छोट्या वहीत लिहून ठेवतो.